ठावठिकाणा : शब्दांत कीं अंकांत ?

संकटांत सांपडलेला मनुष्य हांक मारतो तेव्हां ऐकणाराच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात : 'काय झालें ?' आणि 'कोठें ?' यांपैकीं पहिल्याचें उत्तर उशिरां मिळालें तरी पुष्कळ वेळां चालतें. रुग्णवाहिका निघाल्यावर वाटेंतहि तें विचारतां येतें. दुसऱ्याचें उत्तर मिळाल्यावांचून मात्र चाक हलत नाहीं. असें असून, मनुष्य 'काय झालें' हें सांगण्यांत जितका वाकबगार असतो तितका 'कोठें' हें सांगण्यांत नसतो. आपलें घर, आपली गल्ली, आपली पेठ हीं ओळखीचीं ठिकाणें सोडलीं, म्हणजे आपण जेथें उभे आहों ती जागा दुसऱ्यास नेमकी सांगणें ही एक विद्याच आहे; आणि तिची परीक्षा होते ती नेमकी अशा वेळीं कीं ज्या वेळीं मनुष्याची बुद्धि ठिकाणावर नसते.

हा प्रश्न आज नाशिककरांनीं विचारांत घ्यावा याला कारणें आहेत. आपल्या प्रांतांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा इ. स. २०१४ मध्यें सुरू झाली, व पुढें पोलीस, अग्निशामक दल इत्यादिकांसाठीं ११२ हा एकच क्रमांक आला. प्रत्येकाच्या खिशांतील फोन उपग्रहांच्या साह्यानें आपली जागा जाणूं लागला. ता. २७ मे २०२५ रोजीं भारतीय टपालखात्यानें देशांतील प्रत्येक लहानशा चौकटीस दहा चिन्हांचा एक संकेत देणारी 'डिजिपिन' नांवाची योजना जाहीर केली. आणि इ. स. २०२७ च्या सिंहस्थांत या क्षेत्रीं लक्षावधि लोक असे येतील कीं ज्यांना पंचवटी कोणती व तपोवन कोणतें हें ठाऊक नसेल. यांपैकीं कोणी घाटावर कोसळला, कोणाचें मूल हरवलें, तर त्यानें आपला ठावठिकाणा शब्दांनीं सांगावा कीं अंकांनीं ? वरकरणी हा वाद यंत्रशास्त्राचा दिसतो. आमच्या मतें तो मूलतः नीतीचा आहे. कारण ठिकाण सांगण्यांत चूक ही व्हावयाचीच, आणि त्या चुकीचा भार कोणीं वाहावा हें ठरविल्याशिवाय कोणती पद्धति चांगली हें ठरवितां येत नाहीं.

अंकांचा पक्ष जुना आहे. पृथ्वीवर उभ्याआडव्या रेषा कल्पून प्रत्येक जागेस अक्षांश व रेखांश असे दोन आंकडे द्यावयाचे, ही रीत शतकानुशतकें चालत आली. नाविक, भूमापक आणि तोफखान्याचे लोक अंकांवरच विसंबतात. आमच्या शेजारीं देवळालीस तोफखान्याचें विद्यालय आहे, तेथें नकाशावरील एक आंकडा चुकला तर काय होईल हें कोणास समजावून द्यावें लागत नसेल. शब्दांचा पक्ष नवा आहे. इ. स. २०१३ मध्यें लंडन येथें स्थापन झालेल्या 'व्हॉट थ्री वर्ड्स' या कंपनीनें सारी पृथ्वी तीन मीटर लांब व तितक्याच रुंद अशा चौकटींत विभागली, आणि प्रत्येक चौकटीस नित्याच्या वापरांतील तीन शब्दांचें नांव दिलें. अशा चौकटी भरतात सुमारें ५७ लक्ष कोटि. तथापि त्यांना नांवें देण्यास इंग्रजींतील सुमारें ४०,००० शब्द पुरतात, कारण तीन-तीन शब्दांच्या जुळण्या फार होतात. मराठीसह भारतांतील अनेक भाषांत ही पद्धति उपलब्ध आहे. मंगोलियाच्या टपालखात्यानें ती इ. स. २०१६ मध्यें स्वीकारली, आणि इंग्लंडांतील पुष्कळ पोलीस व अग्निशामक दळांनीं पुढें संकटकाळीं तिचा उपयोग करण्यास आरंभ केला.

शब्दपक्षाचें म्हणणें प्रथम नीट ऐकून घेणें न्याय्य होईल. तो म्हणतो : रामकुंडाची जागा अंकांत सांगावयाची तर 'वीस पूर्णांक शून्य शून्य आठ' येथून आरंभ करून बारा-चौदा अंकांची माळ म्हणावी लागते. भ्यालेल्या स्त्रीनें, रक्त वाहत असलेल्या तरुणानें, दम लागलेल्या म्हाताऱ्यानें ती कशी म्हणावी आणि ऐकणारानें ती कशी टिपावी ? तीन शब्द मात्र लहान मूलहि म्हणूं शकेल. शब्द स्मरणांत राहतो, अंक राहत नाहीं. आणि आमच्याकडील कोणी विद्वान् यास अशीहि पुस्ती जोडील कीं, ही कल्पना परकी नाहींच. आमच्या ज्योतिषांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें कीं, नुसते आंकडे नक्कल करणाऱ्याच्या हातून सहज बिघडतात. म्हणून त्यांनीं आंकड्यांस शब्दांचा वेष दिला. चंद्र म्हणजे एक, नेत्र म्हणजे दोन, वेद म्हणजे चार, बाण म्हणजे पांच, ऋषि म्हणजे सात, वसु म्हणजे आठ. भास्कराचार्यांनीं आपला जन्मशक १०३६ अशाच शब्दसंख्येनें सांगितला आहे.

हा दाखला मोठा मार्मिक आहे. परंतु तो नीट तपासला तर शब्दपक्षाच्या उलट साक्ष देतो. त्या जुन्या पद्धतींत शब्दाचा अर्थ हाच त्याचा अंक होता. नेत्र म्हटलें काय, लोचन म्हटलें काय किंवा अक्षि म्हटलें काय, संख्या दोनच राहते. मनुष्याची स्मृति ज्या रीतीनें चालते तिच्याशीं हें जुळणारें आहे, कारण आपण बहुधा शब्द विसरतों व अर्थ लक्षांत ठेवतों. शिवाय ते शब्द वृत्तांत बसविलेले असत; एकादें अक्षर गळलें कीं वृत्त अडखळे, आणि वाचणारास चूक झाल्याचें लगेच कळे. म्हणजे त्या शब्दांच्या मागें अर्थाचा आधार होता व पुढें वृत्ताचा पहारा होता. तीन शब्दांच्या नव्या पद्धतींत यांपैकीं एकहि नाहीं. तेथें शब्द अर्थापासून सोडविलेला आहे. 'डोळा' या शब्दाऐवजीं कोणी 'नेत्र' म्हणाला, तर तो दुसऱ्या खंडांत जाऊन पडेल किंवा कोठेंच पडणार नाहीं. शेजारशेजारच्या दोन चौकटींच्या नांवांत कांहींएक नातें नसतें; एका पावलाच्या अंतरावर तीनहि शब्द बदलतात. उघड्या आकाशाखालींहि साधा फोन आपली जागा सुमारें पांच मीटरपर्यंतच अचूक जाणतो. मग एकाच ठिकाणीं उभ्या असलेल्या दोघां सोबत्यांनीं दोन अगदीं निरनिराळीं नांवें सांगितलीं, तर ऐकणारानें दोन अपघात झाले असें समजावें काय?

ही भीति काल्पनिक नाहीं. इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यांत इंग्लंड व वेल्स येथील डोंगरी बचावपथकांच्या संघानें आपणांस चुकीच्या मिळालेल्या ४५ ठिकाणांची यादी पुढें ठेवली. डोंगरांत अडकलेल्या लोकांनीं सांगितलेले शब्द नकाशावर पाहिले तर त्यांतील कांहीं जागा अन्य खंडांत निघाल्या. कोणाचा उच्चार प्रांतिक होता, कोणाचें शुद्धलेखन कच्चें होतें. पद्धतीच्या कर्त्यांचें म्हणणें असें कीं, सारखे वाटणारे शब्द त्यांनीं जाणूनबुजून दूरदूर टाकले आहेत, म्हणजे चूक झाली तर ती ठळकपणें दिसावी. युक्ति चांगली आहे. परंतु त्याच वर्षीं एका संशोधकानें जवळजवळच्या अशा जागा दाखवून दिल्या कीं ज्यांच्या नांवांत केवळ एकवचन-अनेकवचनाएवढाच भेद होता. अन्य खंडांतील चूक निदान हसून टाकून पुन्हां विचारतां येते. पलीकडच्या दरींतील चूक मात्र खरी मानली जाते, आणि पथक तिकडे निघून जातें.

आतां हाच प्रसंग आपल्या जिल्ह्यांत कल्पून पाहावा. कळवण-बागलाणाकडे अहिराणी बोलतात, पेठ-सुरगाण्याकडे कोकणी लोकांची बोली आहे, शहरांत उत्तरेकडून आलेला कामकरी वर्ग मोठा आहे. पाणी आणि पानी, बाळ आणि बाल, दिन आणि दीन यांतील भेद पुस्तकी मराठीनें जपला आहे. तोंडच्या मराठीनें तो सर्वत्र जपलेला नाहीं, आणि जपला नाहीं म्हणून ती मराठी कमी प्रतीची ठरत नाहीं. ठरीव शब्दांची यादी कोणतीहि असो, ती कोणा तरी एका वर्गाच्या उच्चारावर बेतलेली असणार. ज्याचा उच्चार त्या वर्गाचा, त्याचा जीव जरा अधिक सुरक्षित, आणि ज्याचा नव्हे त्याचा जरा कमी, असा भेद शुद्धलेखनाच्या नियमांनीं पाडावा हें कोणाच्याहि न्यायबुद्धीस पटणार नाहीं.

मग अंकपक्ष निर्दोष आहे काय ? तसेंहि नाहीं. नाशिकच्या पश्चिमेस हरिहर किल्ला आहे. उभ्या कातळांत कोरलेल्या पायऱ्यांमुळें पावसाळ्यांत तेथें तरुणांची झुंबड उडते. त्याचें स्थान सुमारें १९ अंश ५४ कला उत्तर व ७३ अंश २८ कला पूर्व असें आहे. एका अंशाच्या साठ कला होतात, म्हणून हेंच दशांशांत १९.९० व ७३.४७ असें लिहावें लागतें. आतां पायरीवरून घसरलेल्या मित्रासाठीं कोणी घाईनें 'एकोणीस चोपन्न, त्र्याहत्तर अठ्ठावीस' एवढेंच सांगितलें, आणि ऐकणारानें तें १९.५४ व ७३.२८ असें टिपलें, तर मदत सह्याद्रि उतरून ठाणे जिल्ह्यांत तानसा तलावाच्या परिसरांत, म्हणजे हरिहरापासून सुमारें ४५ किलोमीटरांवर जाऊन पोंचेल. दोघांनींहि आंकडे बरोबर उच्चारले व बरोबर ऐकले; चुकली ती केवळ मोजण्याची रीत.

त्यांत मराठी अंकांची आणखी एक अडचण आहे. आपण 'त्र्याहत्तर' म्हणतों तेव्हां तीन आधीं येतो व सत्तर मागून. लिहितांना मात्र सात आधीं लिहावा लागतो. एकोणसाठ व एकोणसत्तर, त्रेपन्न व छप्पन्न, सदुसष्ट व अडुसष्ट हीं फोनवर किती जवळजवळचीं वाटतात हें दुकानाचा हिशेब ठेवणारा कोणीहि सांगेल. इ. स. २०१९ मध्यें बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत 'एकवीस' यास 'वीस एक', 'त्रेसष्ट' यास 'साठ तीन' अशी वाचनाची रीत सुचविली गेली तेव्हां महाराष्ट्रांत मोठा गदारोळ झाला, डॉ. मंगला नारळीकर यांनीं तिचें समर्थन केलें, तर कित्येकांना ती भाषेवरील आघात वाटली. वर्गांत मुलांनीं कसें म्हणावें याविषयीं मतभेद राहोत. संकटकाळीं आंकडा सांगावयाचा तर तो सुटासुटा सांगावा—सात, तीन—यांत मात्र मतभेदास जागा नाहीं. हा जोडाक्षरांचा धडा नव्हे; तेथें भाषेचें सौंदर्य बाजूस ठेवलेलें बरें.

तथापि अंकांच्या चुकीस एक गुण आहे, आणि तो शब्दांच्या चुकीस नाहीं : तिला क्रम असतो. अक्षांशाच्या अंशांत एकाची चूक झाली तर जागा सुमारें १११ किलोमीटर सरकते. पहिल्या दशांशांत झाली तर अकरा. चौथ्यांत झाली तर अवघी अकरा मीटर, म्हणजे हांकेच्या अंतरावर. मोठी चूक ऐकणारास जिल्ह्याच्या बाहेर नेते म्हणून तो ती ओळखतो. लहान चूक पथकाच्या डोळ्यांच्या टप्प्यांत राहते म्हणून ती सोसते. घातक ती मधली, जी त्याच तालुक्यांतील दुसऱ्या डोंगराकडे नेते. पण कोणती चूक घातक हें जेथें आधींच सांगतां येतें तेथें तिच्यावर पहाराहि ठेवतां येतो. शब्दांच्या चुकीस ना मोठेपणा ना लहानपणा. ती कोठेंहि नेऊं शकते.

या क्रमाचें महत्त्व ओळखणारा एक पुरुष आपल्यांतच होऊन गेला. ता. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशांत जो सहा अंकी पिनकोड चालू झाला, त्याचे जनक टपालखात्यांतील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवि व नाटककार होते. ज्याचें सारें आयुष्य शब्दांच्या सेवेंत गेलें, त्यानें पत्राच्या ठिकाणासाठीं मात्र अंक निवडले. कारण उघड होतें : एकाच नांवाचीं गांवें देशभर, लिपि अनेक, भाषा अनेक, आणि वाचणारा छांटणी-कारकून एकटा. त्यांनीं अंक निवडले ते क्रमानें बांधून. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पुढचे दोन प्रदेश उत्तरोत्तर आंखडीत नेतात, शेवटचे तीन टपालकचेरी दाखवितात. ४२२००१ हा आंकडा पाहतांच, तो नाशिकचा आहे हें ज्याला ठाऊक नाहीं असा छांटणीवालाहि पत्र योग्य दिशेनें लोटूं शकतो. डिजिपिन हीहि याच कुळांतली. तींत प्रत्येक चिन्ह आधींच्या चौकटीचे सोळा भाग करून त्यांतील एक दाखवितें, आणि दहाव्या चिन्हाशीं सुमारें चार मीटरांची चौकट हातीं येते. तिच्या कर्त्यांनीं शून्य व एक हे अंक वगळले, म्हणजे रोमन अक्षरांशीं त्यांचा घोटाळा होऊं नये. पण हें केलें तें डोळ्यांसाठीं. कानांसाठीं पाहावें तर तींतील 'सी', 'पी', 'टी' हीं एका यमकाचीं, 'जे' व 'के' हीं दुसऱ्या यमकाचीं. आणि ज्याला रोमन अक्षरेंच येत नाहींत त्यानें काय करावें हा प्रश्न उरतोच. विमानवाल्यांनीं हीच अडचण इ. स. १९५६ मध्यें प्रत्येक अक्षरास एक ठरीव शब्द देऊन सोडविली, आणि 'नाइन' चा उच्चारहि मुद्दाम 'नाइनर' असा केला. म्हणजे अंक वा अक्षर सुरक्षित पोंचविण्यास शब्द उपयोगी पडतो. परंतु तेथें तो अंकाचा सेवक असतो, मालक नव्हे.

आतांपर्यंत आम्ही दोन्ही पक्ष नव्या शास्त्राचे म्हणून पाहिले. परंतु तिसरा एक पक्ष आहे, आणि तोच सर्वांत जुना आहे : गांवांचीं व जागांचीं खरीं नांवें. विद्वान् लोक त्यांस अशास्त्रीय म्हणून बाजूस सारतात. तीं संदिग्ध आहेत हें खरें. याच जिल्ह्यांत निफाड तालुक्यांत नांदूर मध्यमेश्वर आहे, सिन्नर तालुक्यांत नांदूर शिंगोटे आहे, आणि शहराच्या कडेला नांदूर नाका आहे. ओझर म्हटलें तर नाशिकचें विमानतळाचें ओझर कीं जुन्नरकडील विघ्नेश्वराचें ओझर ? वणी म्हटली तर दिंडोरीची कीं यवतमाळची ? ता. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहांटे नांदूर नाक्यावर प्रवासी बसला आग लागून बाराजण दगावले. त्या चौकास कोणी नांदूर नाका म्हणतें, कोणी मिरची चौक. आणि ज्या रस्त्यावर तो आहे त्यास कित्येकांच्या तोंडीं अद्याप औरंगाबाद रोड हेंच नांव आहे, जरी त्या शहराचें नांव इ. स. २०२३ पासून छत्रपति संभाजीनगर झालें आहे.

परंतु या नांवांत एक सामर्थ्य आहे. तीं एकटीं येत नाहींत. समाजानें अनुभवानें शिकून त्यांस जोडनांवें दिलीं—बुद्रुक, खुर्द, बसवंत, शिंगोटे. आणि सांगणारा नेहमीं त्यांच्याभोंवतीं खुणा ठेवतो : नाक्याच्या अलीकडे, पेट्रोलपंपासमोर, घाटाच्या दुसऱ्या वळणावर, जेथें मारुतीचें देऊळ लागतें तेथें. यांतील एक खूण चुकली तरी उरलेल्या दोन सांवरून घेतात. गणिती ज्यास पडताळा म्हणतो तो येथें आपोआप मिळतो. त्याहून मोठी गोष्ट ही कीं, ऐकणारा तेथला असेल तर त्या नांवाबरोबर त्याला वाटहि आठवते. अंक जागा दाखवितो. कोणत्या बाजूनें चढतां येतें, कोणता पूल पावसांत बंद असतो, हें अंकास ठाऊक नसतें. दरीच्या या कांठावरील व त्या कांठावरील चौकटी नकाशांत लगतच्या असतात, आणि प्रत्यक्षांत त्यांच्यामध्यें तासांचा वळसा असतो.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, 'शब्द कीं अंक' हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला आहे. संकटकाळीं एका साक्षीवर जीव वाचविण्याचा भरंवसा ठेवूं नये. अंक ही एक साक्ष, नांव ही दुसरी. अंक म्हणतो तानसा, आणि फोनवरील मुलगा म्हणतो हरिहराच्या पायऱ्या; या दोहोंचा मेळ बसत नाहीं हें कळण्यास शास्त्र लागत नाहीं, दोन्ही विचारण्याची संवय लागते. नुसत्या तीन शब्दांत मात्र ही दुसरी साक्ष नाहीं, कारण ते दिसण्यांत शब्द असले तरी त्यांत ना अंकाचा क्रम आहे ना नांवाचा अर्थ.

येथें आम्ही मूळ मुद्यावर येतों : ही संवय कोणाला असावी ? प्रत्येक नवी पद्धति आली कीं उपदेश सुरू होतो—नागरिकांनीं आपला संकेत पाठ करावा, अमुक यंत्रणा फोनवर घ्यावी, अमुक रीतीनें सांगावें. शिकणें वाईट नव्हे. पण या उपदेशाच्या पोटीं एक अन्याय दडलेला असतो : मदत पोंचली नाहीं तर 'ठिकाण नीट सांगितलें नाहीं' हा दोष मरणाराच्या माथीं मारण्याची सोय त्यांत होते. व्यवहारांत दोघे समान असतील तेथें स्पष्ट बोलण्याचें कर्तव्य दोघांवर समान असतें. बुडणारा व कांठावरचा हे समान नाहींत. एकाजवळ श्वासाचीहि उसंत नाहीं; दुसऱ्याजवळ नकाशा आहे, प्रकाश आहे, शिक्षण आहे आणि पगार आहे. रोग्यानें आपल्या रोगाचें नांव चुकीचें सांगितलें म्हणून वैद्य चुकीचें औषध देत नाहीं. तो नाडी पाहतो, जीभ पाहतो, दहा प्रश्न विचारतो. त्याचप्रमाणें ठिकाण शोधून काढणें हें ऐकणाराचें काम आहे, सांगणाराचा गुण नव्हे. ज्याला शक्ति अधिक त्याला अचूकपणाचा भार अधिक, हा आमच्या मतें या विषयांतील पहिला नियम होय.

हा नियम मान्य केला म्हणजे पुष्कळ गोष्टी आपोआप सुटतात. ऐकणारानें सांगितलेलें परत म्हणून दाखवावें. 'तुम्हांस समोर काय दिसतें ?' हा प्रश्न त्यानें विसरूं नये. अंश-कला कीं दशांश हें त्यानेंच ओळखावें. फोन आपली जागा आपण होऊन मदतकेंद्रास कळवील अशी सोय युरोपांतील अनेक देशांत झाली आहे. ती करणें हेंहि याच कर्तव्यांत येतें. आणि जेथें मनुष्य वाटसरू आहे तेथें त्या जागेचा संकेत त्याला पाठ असावा अशी अपेक्षा न करतां, तो जागेवरच लिहिलेला असावा. कसारा घाटांतून रेल्वेनें जातांना वाचकांनीं पाहिलें असेल कीं विजेच्या तारांच्या प्रत्येक खांबावर आंकडे रंगविलेले असतात. एक किलोमीटरचा, दुसरा त्या किलोमीटरांतील खांबाचा. अंधारांत थांबलेल्या गाडींतील उतारूनें तो आंकडा वाचून दाखविला तर त्याला भूगोल येण्याची गरज नाहीं. रस्त्यांच्या खांबांवर, घाटाच्या वळणांवर, किल्ल्यांच्या वाटांवर आणि गोदावरीच्या घाटांवर असे आंकडे ठळक देवनागरींत, हिंदी व इंग्रजी वाचणारासहि कळतील असे रंगविणें याला फार मोठें शास्त्र लागत नाहीं.

ता. २७ ऑगस्ट २००३ रोजीं सिंहस्थाच्या पर्वणीस रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर, सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी होऊन तीसांहून अधिक यात्रेकरू मृत्यु पावले. अशा गर्दींत चार मीटरांच्या चौकटीचा हिशेब फोल असतो, कारण त्या एका चौकटींतच पन्नास माणसें दाटलेलीं असतात, आणि खिशांतील फोनपर्यंत हातहि पोंचत नाहीं. बिहारांतून किंवा तेलंगणांतून आलेल्या त्या यात्रेकरूस 'सरदार चौक' हें नांवहि ठाऊक नसतें. त्याच्या डोक्यावरच्या खांबाचा आंकडा तेवढा त्याच्या वांट्यास येऊं शकतो, आणि तोहि आपणच आधीं तेथें रंगविला असेल तर.

आणखी एक गोष्ट सांगणें आवश्यक आहे. ठिकाणाचें नांव ही सर्वांची मालमत्ता असली पाहिजे. अक्षांश-रेखांश कोणाच्या मालकीचे नाहींत. पिनकोड व डिजिपिन हे लोकांच्या खात्याचे आहेत, व दुसऱ्याची रचना कोणासहि तपासतां येते. तीन शब्दांची पद्धति एका खासगी कंपनीची आहे, आणि तिचें गणित तिच्या हक्कांत राखलेलें आहे. कंपनीनें आपल्या श्रमाचें मोल घ्यावें याला आमची हरकत नाहीं. पत्र, पार्सल, सहलीचा बेत यांसाठीं ज्याला सोयीचें वाटेल त्यानें ते शब्द वापरावेत. परंतु 'मी येथें आहें' हें सांगण्याची भाषा कोणाच्या परवान्यावर अवलंबून असावी, आणि तिचे दोष तपासण्याचा अधिकार लोकांस नसावा, ही स्थिति सार्वजनिक कामास शोभणारी नव्हे.

कोणी म्हणेल, यंत्रें सुधारत चाललीं. थोड्याच वर्षांत ठिकाण सांगण्याचीच गरज उरणार नाहीं, मग हा ऊहापोह कशाला? यंत्रें सुधारतील, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु सह्याद्रीच्या दऱ्यांत फोनची लहर आजहि पोंचत नाहीं अशा जागा आहेत, आणि कित्येकदां फोन करणारा अपघाताच्या जागीं नसतोच. तो खालच्या वाडींत धांवत आलेला सोबती असतो. त्याचें यंत्र वाडीचा पत्ता देईल. डोंगरांत पडलेल्याचा पत्ता त्याच्या तोंडूनच काढावा लागेल, आणि तेथें पुन्हां वळण, ओढा, कातळ हेच शब्द कामास येतील.

आपल्या भाषेनें 'ठावठिकाणा' हा शब्द जोडूनच केला आहे. ठिकाण नकाशावर असतें. ठाव लागावा लागतो, आणि तो लावणारा कोणी तरी असावा लागतो. सिंहस्थाच्या निमित्तानें नाशिक शहर रस्ते रुंद करील, घाट बांधील, दिवे लावील. त्याबरोबरच घाटावर हरवलेल्या परक्या वृद्धेस, तिला नीट सांगतां येत नसतांहि, शोधून काढण्याची तयारी त्यानें किती केली, हेंहि पाहिलें जावें. तिला शब्द येतात कीं अंक येतात, यावर तें अवलंबून असूं नये.